गेले आठ, आले आठ

समुद्रात मागं राहिलेला माणूस वीस मिनिटांत सापडला, धडधाकट सापडला, आणि बोटीत चढल्याबरोबर त्यानं पहिली चौकशी केली ती पावात ऑलिव्ह घातलेत का याची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणी उगाच जीव टांगणीला लावून बसायला नको. आता हे विसरून जायचं. असं काही घडलंच नाही असं धरून चालायचं. विस्टिन तरी गेले अकरा दिवस तसंच धरून चालतो आहे आणि त्याचं बरं चाललं आहे, म्हणजे तो जेवतो, दात घासतो, एमसीडा गावातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरची क्रेन कुठल्या दिशेला वळली आहे ते बघतो. झालं ते खरं तर एवढंसंच होतं. जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी त्याचा आकडा आणि नेनूमामाचा आकडा एक आला.

नेनू हा विस्टिनच्या आईचा धाकटा भाऊ. वय एकसष्ट, कानांत केस, अंगात बारा महिने एकच निळा बनियन. बोट त्याची. जुनी लाकडी, नाकाच्या दोन्ही अंगांना डोळे रंगवलेली, त्यातला डावा डोळा दर वर्षी रंग देताना थोडा मोठा होत गेलेला, त्यामुळे बोट कायम कशाचं तरी आश्चर्य वाटत असल्यासारखी दिसायची. स्लीमाच्या धक्क्यावरून सकाळी आठला निघायचं, कोमिनो बेटाच्या अंगाला दोन ठिकाणी थांबायचं, पाहुण्यांनी डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि मासे बघायचे, विस्टिननं त्यांच्यापुढं पोहत बोटानं मासे दाखवायचे, मग टोमॅटो चोळलेला पाव आणि टूना खाऊन एकच्या आत परत. आठ माणसं, नववा घ्यायचा नाही. आणि दर वेळी माणसं पाण्यातून वर आली की दोन मोजण्या व्हायच्या. एक नेनू मोठ्यानं ओरडून करायचा आणि ती खोटी असायची. आठ असले तर तो "नऊ!" म्हणायचा, नाहीतर "अकरा!", एकदा इटलीच्या एका लग्नाच्या वऱ्हाडाला घाबरवत "चाळीस!" म्हणाला होता. दुसरी मोजणी विस्टिन ओठांतल्या ओठांत करायचा आणि ती खरी असायची. हे नेनूच्या आजोबांपासून चालत आलं होतं. त्यांच्या गावातल्या चर्चला दोन मनोरे आहेत आणि दोन घड्याळं. एक चालतं, दुसरं नुसतं भिंतीवर रंगवलेलं, त्यात कायम पावणेबारा. सैतानाला आत्मे उचलायला नेमकी वेळ लागते, दोन घड्याळं बघून तो गोंधळतो आणि हात हलवत परत जातो, हे तिथल्या पोराला चालायला यायच्या आधी कळतं. समुद्रालाही आपण किती जण आणलेत ते कळू द्यायचं नाही, एवढाच त्याचा पुढचा अर्थ. पाहुण्यांना तो विनोद वाटायचा. विस्टिनलाही वाटायचा. पण तो बोटीवर आल्यापासूनच्या अकरा वर्षांत खोटा आकडा आणि खरा आकडा कधी एक आला नव्हता, आणि माणूस ज्या विनोदावर अकरा वर्षं उभा असतो तो नंतर विनोद राहत नाही, जमीन होते.

त्या मंगळवारच्या यादीत पोलंडच्या तिघी बहिणी होत्या, एक जर्मन जोडपं, लीड्सहून आलेले बापलेक, आणि एकटी आलेली मायमू लेपिक. एस्टोनियाची, पन्नाशीची, पिवळी टोपी, एका ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवायचं काम करणारी. धक्क्यावर सगळ्यांनी चपला काढून वेताच्या टोपलीत टाकल्या, तेव्हा तिनं आपले तपकिरी सँडल पट्टे लावून, एकाला एक चिकटवून ठेवले. बोट निघाल्यावर ती पुढच्या फळीवर विस्टिनशेजारी येऊन बसली.

"मी फार सावकाश पोहते हं. मागं पडते. शाळेच्या सहलीत मला दोनदा विसरून आले होते."

"दोनदा?"

"दुसऱ्यांदा मीच शिक्षिका होते."

विस्टिन हसला. "इथं नाही विसरणार. आम्ही मोजतो."

हे वाक्य त्यानं आतापर्यंत हजारो लोकांना ऐकवलं असेल. अकरा दिवस झाले, ते त्याच्या तोंडातून निघत नाही. टूथपेस्टच्या चवीसारखं बसलं आहे. आम्ही मोजतो.

पहिल्या ठिकाणी सगळं नीट झालं. नेनू "नऊ!" म्हणाला, विस्टिन मनात आठ म्हणाला, बहिणींनी टाळ्या वाजवल्या. दुसरं ठिकाण दोन तोंडांच्या गुहेचं. एका तोंडातून उजेड आत येतो, दुसऱ्यातून बाहेर जातो, मधे पाणी इतकं निळं की आपले हात आपले वाटत नाहीत. विस्टिन पुढं, बाकीचे मागं. कान पाण्याखाली गेले की जग बंद पडतं आणि उरतो तो नळीतला स्वतःचा श्वास, दुसऱ्या कुणाचा तरी आपण घेतो आहोत असा. अर्ध्या तासानं सगळे शिडीनं वर आले. ओल्या अंगांची, मुखवटे कपाळावर सरकवलेली, एकसारखे लाल वळ गालांवर उमटलेली माणसं. विस्टिननं ओठ हलवले. सात. आणि त्याच क्षणी नेनू सुकाणूजवळून ओरडला, "सात!"

आता इथं दुसऱ्या कुठल्याही बंदरातला माणूस थांबला असता. दोघांनी मोजले, दोघांचे सात आले, म्हणजे सात आहेत, म्हणजे एक खाली राहिला. पण विस्टिनच्या डोक्यात, कुणी बटण दाबल्यासारखा, वेगळा विचार सरकला. नेनू सात म्हणाला. नेनूचा आकडा खोटा असतो. म्हणजे सात नाहीत. आपणच चुकलो, उन्हात डोळे दिपलेत, जर्मन बाई वाकून पिशवीत काहीतरी शोधतेय तिच्यामागं असेल एक. रंगवलेल्या घड्याळात पावणेबारा दिसले तर पावणेबारा वाजलेले नाहीत, इतकं ते सरळ होतं. त्यानं मान हलवली. नेनूनं इंजिन सुरू केलं. विस्टिनचं मनगटावर लक्ष नव्हतं, पण लीड्सच्या मुलानं निघतानाचा फोटो काढला होता आणि त्यावर वेळ उमटली होती. ती इथं सांगायची गरज नाही.

दहा मिनिटांनी त्यानं पंचे गोळा केले. सात ओले, एक कोरडा. कोरडा पंचा किती जड असू शकतो हे त्याला तेव्हा कळलं. तो सुकाणूपाशी गेला.

"मामा, तू सात का म्हणालास?"

"म्हणालो असेन."

"मोजले होतेस?"

"मी कशाला मोजू? मी तोंडाला येईल ते ओरडतो. मोजणारा तू ना?"

"माझे पण सात आले."

नेनूनं त्याच्याकडं पाहिलं, बोटीच्या डाव्या डोळ्यासारखं. मग आईवरून एक शिवी दिली, ती त्याच्या सख्ख्या बहिणीलाच लागत होती, आणि सुकाणू पूर्ण फिरवलं. "मग बोलला का नाहीस, गाढवा!"

"तू म्हणालास म्हणून."

गुहेकडं परत जाताना पाहुण्यांना वाटलं डॉल्फिन दिसलेत. विस्टिन नाकावर उभा होता, आणि त्याला मायमू लेपिक आठवत नव्हती. आठवत होतं ते गावातलं स्वयंपाकघर. तो सात वर्षांचा होता तेव्हा फेब्रुवारीत ईशान्येचं वारं सुटलं आणि त्याचा बाप, पस्तिशीचा साल्वू, मासेमारीला गेला तो तीन दिवस आलाच नाही. आई रोज ताट मांडायची. चौथ्या दिवशी सिसिलीच्या एका बोटीनं एक माणूस आणून सोडला. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. सगळी गल्ली रडली, चर्चमधे फटाके उडाले. रात्री जेवताना सात वर्षांच्या विस्टिननं पाहिलं की हा माणूस ऑलिव्हच्या बिया ताटाच्या उजव्या कडेला ठेवतो आहे. त्याचा पा डाव्या कडेला ठेवायचा, एका ओळीत, टोकं बाहेर करून, आणि शेवटी ओळ मोजून दाखवायचा. विस्टिन आईमागं मोरीपाशी गेला आणि म्हणाला, हा पा नाही. आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. "माणूस घरी आला ना? आला की तपासत बसायचं नसतं." मग पुढची सव्वीस वर्षं तो त्या माणसाला पा म्हणत आला. वाईट नव्हता. पोहायला त्यानंच शिकवलं, पहिला मुखवटा त्यानंच आणला, आईवर कधी आवाज चढवला नाही. मूळच्यापेक्षा बहुधा बराच निघाला असावा. गेल्याच्या गेल्या वर्षी तो वारला तेव्हा विस्टिन मनापासून रडला, आणि रडता रडता त्याच्या लक्षात आलं की आपण एका गृहस्थाला रडतो आहोत, बापाला रडायचं अजून बाकीच आहे, आणि ते कधी करायचं हे कुणी ठरवून दिलेलं नाही.

गुहेच्या तोंडाशी माणूस दिसला. पाण्यावर पालथा, हातपाय सैल, नळी वर. नेनूनं भोंगा वाजवला. माणसानं मान वर काढली, हात हलवला, अगदी सावकाश पोहत शिडीपाशी आला. बहिणींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. नेनूनं त्याला बखोटीला धरून वर घेतलं आणि मोठ्यानं ओरडला, "आठ!" पहिल्यांदाच मोजून खरं ओरडला, सुटल्यासारखा, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

तो पुरुष होता. विस्टिनच्याच वयाचा, पस्तीस-छत्तीसचा, छातीवर काळे केस, चेहऱ्यावर काळ्या रबराचा एकाच काचेचा गोल मुखवटा, असा मुखवटा आता फक्त हॉटेलांच्या भिंतीवर शोभेला टांगतात. त्यानं कोरडा पंचा उचलून खांद्यावर घेतला, पुढच्या फळीवर मायमूच्या जागी बसला आणि म्हणाला, "पावात ऑलिव्ह आहेत का?" इथल्याच भाषेत म्हणाला, पण बोलणं जुन्या धाटणीचं, म्हाताऱ्या नावाड्यांसारखं.

"हे कोण?" विस्टिन म्हणाला.

"कोण म्हणजे?" लीड्सचा बाप म्हणाला. "सकाळी होते की. पुढं बसले होते. नाही का रे?"

"बहुतेक," मुलगा म्हणाला. तो फोटो बघत होता.

जर्मन नवरा म्हणाला की आपण माणसांचे चेहरे लक्षात ठेवत नाही, सुट्टीवर आलो आहोत. बायको म्हणाली की तो एरवीही ठेवत नाही.

"मामा, आपली बाई होती. पिवळी टोपी. मायमू लेपिक."

"हजर," पुढच्या फळीवरचा माणूस म्हणाला, आणि वर्गात करतात तसा हात वर केला.

 नेनू दोरखंडाची गुंडाळी करू लागला, आधीच गुंडाळलेल्या दोरखंडाची. विस्टिननं मुखवटा लावला आणि उडी मारली. गुहेत तो चार फेऱ्या पोहला. पाणी तेच होतं, निळं, आणि आपले हात आपले वाटत नव्हते. तळाशी समुद्री गवत एका बाजूला झुकलं होतं, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यावर गादीवर खळगा राहतो तसं. पिवळं काही नव्हतं. चौथ्या फेरीला, दुसऱ्या तोंडाच्या अंधारात, त्याला आपल्या नळीतल्या श्वासामागं आणखी एक श्वास ऐकू आला, सावकाश, मागं मागं पडत चाललेला. तो थांबला तर तोही थांबला. तो ओरडला, आणि तोंडातल्या नळीमुळं नाव न उमटता नुसता भोंग्यासारखा आवाज गुहाभर फिरून त्याच्याच कानात परत आला.

वर येऊन त्यानं बिनतारी यंत्रावर बंदर नियंत्रण कक्ष लावला.

"एक प्रवासी बेपत्ता आहे."

"किती जण निघाला होतात?" पलीकडे एक बाई होत्या, काहीतरी खात असाव्यात.

"आठ. आम्ही दोघं सोडून."

"आता बोटीत किती आहेत?"

विस्टिननं मोजले. पुन्हा मोजले. "आठ."

"अरे राजा, मग बेपत्ता कोण?"

"मायमू लेपिक."

"हजर," मागून आवाज आला.

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या. "हजर म्हणतायत ना. पाणी पी थोडं. डोक्याला ऊन लागलंय का? टोपी घालत जा."

"बाई, तो दुसराच कुणीतरी आहे."

"कुठल्या बोटीचा?"

"माहीत नाही."

"मग तुझ्याच बोटीचा."

यंत्र खरखरलं आणि बंद झालं. नेनू जवळ आला. त्याच्या बनियनला घामाची नवी कड आली होती. हळू आवाजात म्हणाला, "विस्टिन, नीट ऐक. आठ नेले, आठ आणले. तपासत बसायचं नाही." आणि विस्टिननं वळून पाहिलं तर माणूस पाव खात होता आणि ऑलिव्हच्या बिया कागदी ताटलीच्या डाव्या कडेला ठेवत होता. एका ओळीत, टोकं बाहेर करून. शेवटची ठेवून झाल्यावर त्यानं ओळ बोटानं मोजली, वर पाहिलं, आणि विस्टिनला पाच बोटं दाखवली, लहान पोराला दाखवतात तशी.

विस्टिनला त्या वेळी जे वाटलं ते भीतीसारखं होतं, पण भीती नव्हती. त्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटते. गुहेत एक बाई होती, जिला त्यानं शब्द दिला होता, आणि तो बोटीच्या काठाला धरून एका माणसाची मान, कानामागचा तीळ, पाण्यानं चिकटलेले केस बघत होता आणि त्याला वाटत होतं की कुणी काही बोलू नये, कुणी मोजू नये, नेनूनं इंजिन सुरू करावं. नेनूनं केलं. या वेळीही विस्टिननं मान हलवली होती. पहिल्या वेळी चूक होती. दुसऱ्या वेळी काय होतं याला त्याच्याकडं शब्द नाही.

धक्क्यावर टोपलीत शेवटी तपकिरी सँडल उरले. माणसानं ते पायात घातले. बसले. पट्टे लावून तो दोन पावलं चालला आणि समाधानानं म्हणाला, "सैल आहेत थोडे." मग मायमूची पिशवी घेऊन तिच्या हॉटेलात गेला, खोलीची किल्ली देऊन बाहेर आला, काउंटरवरच्या पोरीनं "पुन्हा या, मिस लेपिक," म्हणून निरोप दिला. विस्टिन रस्त्यापलीकडे उभा होता. एमसीडाच्या बसमधे तो त्या माणसाच्या मागच्या सीटवर बसला, आणि स्टॉप आल्यावर कोण कुणाच्या मागं उतरलं ते त्याला सांगता येणार नाही.

अकरा दिवस माणूस त्याच्या सोफ्यावर झोपतो. त्रास काही नाही. दिवसभर खिडकीत बसून क्रेन मोजतो आणि दर वेळी वेगळा आकडा सांगतो. संध्याकाळी विचारतो, "आई काय करते?" विस्टिन म्हणतो, "बरी आहे." "ताट मांडते का अजून?" यावर विस्टिन पंखा वाढवतो. आई गावात आहे, चौसष्ट वर्षांची, एका नवऱ्याला नीट पुरून मोकळी झालेली. दर शुक्रवारी तिचा फोन येतो. या शुक्रवारी ती म्हणाली, "रविवारी येतोस ना? सशाचं कालवण करते. आवाज का असा? कुणी आहे का तिकडं?"

"कोणी नाही."

"असेल तर घेऊन ये हो. मी काही तपासत बसत नाही."

फोन ठेवून विस्टिन हिशेब करू लागला. माणसाला नेलं तर आई ताट पुढं करील, बस एवढंच, आणि मग आठ म्हणजे आठच, कायमचे. गुहेतला श्वास मागं मागं पडत जाईल, मायमू तिसऱ्यांदा विसरली जाईल, आणि या वेळी तिला आणायला कुणी शिक्षक परत जाणार नाही. न नेलं तर हा माणूस आहे की नाही हे फक्त एका सोफ्याला माहीत राहील. रोज सकाळी बोट गुहेपाशी थांबते तेव्हा नेनू आता काहीच ओरडत नाही, समुद्राकडं पाठ करून उभा राहतो. विस्टिन एकटाच मोजतो, आणि आठ आले तरी त्याला वाटतं, कुठले आठ.

शनिवारी सकाळी सोफ्यावरचा माणूस झोपेत होता, तपकिरी सँडल त्याच्या उशाशी एकाला एक चिकटवून ठेवलेले होते. तसे ठेवायला त्याला कुणी शिकवलं, हे विस्टिननं विचारलं नाही. तो मेजाशी बसला आणि बंदर कचेरीचा छापील अर्ज भरू लागला. 'विषय' या रकान्यात जागा कमी होती, म्हणून त्यानं मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:

महोदय, सदर मंगळवारी आमच्या बोटीतून आठ प्रवासी गेले व आठ परत आले, याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तथापि श्रीमती मायमू लेपिक या परत आल्याची नोंद असूनही अद्याप परत आलेल्या नाहीत. त्या सावकाश पोहतात. तरी दोन तोंडांच्या गुहेपाशी त्या येईपर्यंत एक दिवा व एक माणूस कायमस्वरूपी ठेवण्यात यावा. त्यांच्या बदल्यात चुकून मिळालेला इसम, साल्वू, नियमानुसार जमा करणे आवश्यक असल्यास अर्जदार तो स्वतः आणून देईल. मात्र जमा करण्यापूर्वी त्यास एक रविवार, दुपारच्या जेवणापुरता, अर्जदाराच्या आईकडे नेण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.